नववीच्या दारात



दरवर्षी जूनमध्ये आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर लागणारी रांग सर्वांच्या परिचयाची आहे. फॉर्म, फोटो, टी.सी., मार्कशीट, समग्र आयडी, आणि बडे बाबूंच्या टेबलाभोवती ताटकळलेले पालक. जून २०२४ मध्ये या रांगेत एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन उभे होते. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी पंधराची. कुटुंब काही महिन्यांपूर्वीच पाकिस्तानातील सिंध प्रांतातून इंदूरला आलेले. त्यांचे नातेवाईक इथे सिंधी कॉलनीच्या बाजूला राहतात, त्यांच्याच आधाराने दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. हातात पासपोर्ट, दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केलेल्या अर्जाची पावती आणि मुलांच्या शाळेचे दोन कागद. दोन्ही कागद सिंधी भाषेत, अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेले. मुलाची सातवी झाली होती, मुलीची आठवी.

मुलाला आठवीत प्रवेश मिळाला. मुलीला नववीत मिळाला नाही.

एकच वडील, एकच दिवस, एकच टेबल आणि सारखेच कागद. कार्यालयात कोणी उर्मटपणा केला असेही नाही. खुर्ची दिली, पाणी विचारले, आणि शांतपणे सांगितले की नववीला बोर्डाचे नामांकन करावे लागते, इथली टी.सी. नाही, समग्र आयडी नाही, तेव्हा कागद पूर्ण करून या. ते गृहस्थ "बरं" म्हणून गेले आणि मुलीसाठी पुन्हा आले नाहीत. आमच्या संपादक मंडळापैकी दोघे त्या वेळी तिथेच होतो. आम्हीही काही बोललो नाही. हे आधीच कबूल केलेले बरे, म्हणजे पुढे जे लिहितो आहोत ते दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहिले आहे असा कोणाचा गैरसमज होणार नाही.

या मुलांची नावे आणि फोटो आम्ही छापलेले नाहीत. शाळेत बहुतेकांना ती कोण हे कळेलच, पण त्यांच्या वडिलांना विचारूनच हे लिहीत आहोत.

आता प्रश्न असा की भाऊ आत आणि बहीण बाहेर, असे का झाले? मुलगा हुशार आणि मुलगी कच्ची असा काही प्रकार नव्हता. फरक कायद्याच्या रेघेचा होता. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे, आणि त्यात 'मूल' असा शब्द आहे, 'नागरिकाचे मूल' असा नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टी.सी. यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वयाला साजेशा वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास खास शिकवणीने भरून काढायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मोठ्या बाईंनी याच आधारावर मुलाला त्याच दिवशी वर्गात पाठवले. पण हा कायदा आठवीला संपतो. नववीपासून पुढे शाळेला कोणी सक्ती करत नाही. तिथे शाळेची इच्छा लागते, आणि त्या दिवशी आपल्याकडे ती नव्हती.

ही अडचण एकट्या इंदूरची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार जगभरातील निर्वासित मुलांपैकी प्राथमिक शाळेत सुमारे ६५ टक्के मुले असतात आणि माध्यमिक शाळेत हाच आकडा सुमारे ४२ टक्क्यांवर येतो. मधली मुले कुठे जातात हे आपल्या शहरात पाहायला फार लांब जायला नको. कपड्याच्या दुकानात, मोबाईलच्या दुकानात, पापड-लोणच्याच्या घरगुती कामात ती दिसतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर घरात दुसराच विषय निघू लागतो, आणि एकदा निघाला की शाळेचा विषय मागे पडतो.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा असा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही भारताची सही नाही. पण म्हणून मार्गच नाही असे समजू नये. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, आणि अशा व्हिसावर राहणाऱ्यांच्या मुलांना शाळा-कॉलेजात प्रवेश घेता येतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लोकांना बँकेत खाते, पॅन आणि आधार कार्ड काढण्याची मुभा दिली. त्याच वर्षी देशातील काही मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, आणि त्या यादीत इंदूर व भोपाळ होते. म्हणजे आपल्याच कलेक्टर कचेरीत ज्या कुटुंबांच्या फायली सरकतात, त्यांच्या मुलांचा कागद वाचायला आपल्या कार्यालयात कोणी नाही! खरे सांगायचे तर सिंधी वाचणारा माणूस शोधायला आपल्याला जयरामपूर कॉलनीच्या पलीकडे जावे लागले नसते. एखाद्या आजोबांनी दहा मिनिटांत तो कागद वाचून दिला असता.

दिल्लीत २०१९ मध्ये असेच घडले. पाकिस्तानातून आलेल्या तीन भावंडांना सरकारी शाळेत आधी बसू दिले आणि मग वय जास्त आहे म्हणून बंद केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि दिल्ली सरकारने वयाची अट शिथिल केली. वयाचा नियम वाकू शकतो, पण त्यासाठी कोणीतरी विचारावे लागते. आपण विचारलेच नाही.

आता मुलाविषयी. त्याचे दीड वर्ष आम्ही जवळून पाहिले आहे, आणि शाळेने काय चुकवले व काय बरोबर केले हे दोन्ही त्यात आहे.

पहिल्या महिन्यात सर्वांची समजूत झाली की मुलगा आळशी आहे. तो हिंदी फाडफाड बोलतो. टीव्ही आणि सिनेमे तिकडेही पाहतात, आणि उर्दू शाळेत असतेच. त्यामुळे शिक्षकांना वाटे, इतके छान बोलतो तर लिहीत का नाही? फळ्यावरचे उतरवून का घेत नाही? वही उघडली की शेवटच्या पानापासून सुरुवात. एका सरांनी तर खोडसाळपणा समजून वही भिरकावली. त्याने सात वर्षे उजवीकडून डावीकडे लिहिले होते. देवनागरी त्याला अजिबात वाचता येत नव्हती, आणि तेरा वर्षांच्या मुलाने चाळीस मुलांसमोर "मला वाचता येत नाही" असे सांगावे ही अपेक्षाच चुकीची होती. हे लक्षात आले ते आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाईंच्या. त्या सहज भेटायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी त्याला तोंडी दोन उदाहरणे घातली आणि त्याने ती फळ्याकडे न बघता सोडवली.

मग बाईंनीच रोज मधल्या सुट्टीनंतरचा एक तास त्याला द्यायला सुरुवात केली. पहिले सहा आठवडे फक्त बाराखडी आणि जोडाक्षरे. पहिलीचे पुस्तक त्याच्या हातात द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, कारण 'कमल, नल पर चल' वाचताना तेरा वर्षांच्या मुलाला लाज वाटते. त्यांनी क्रिकेटचे धावफलक, दुकानांच्या पाट्या आणि सिटी बसचे फलक वाचायला दिले. त्याबरोबर एक शब्दांची वही केली. अपूर्णांक त्याला येत होते, पण 'भिन्न' म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्रिकोणाचे नियम येत होते, पण 'समद्विबाहु' हा शब्द ऐकलेला नव्हता. ही गोष्ट मराठी घरांना नवीन नाही. आजी 'छेद' म्हणते आणि पुस्तकात 'हर' छापलेले असते. आजोबा 'लसावि' शिकवतात आणि परीक्षेत 'लघुत्तम समापवर्त्य' येते. आपली मुले या दोन भाषांच्या फटीतून दर वर्षी जातात. फक्त त्यांना सांगायला घरात कोणीतरी असते.

दिवाळीनंतर तो वाचू लागला. आठवी पास झाला. नववीच्या अर्धवार्षिक परीक्षेत गणितात वर्गात चौथा आला. बाईंनी कौतुक केले तेव्हा म्हणाला, "घरी मला अदी शिकवते." सिंधीत ताईला अदी म्हणतात. म्हणजे जिला आपण नववीच्या दारातून परत पाठवले, ती घरी बसून भावाच्या पुस्तकांवरून स्वतः नववीचे गणित शिकते आहे, आणि वर त्याला शिकवते आहे. हे ऐकल्यावर आमच्यापैकी कोणाला पुढचे काही सुचेना.

मध्ये एक वाईट प्रसंगही झाला. तो झाकून ठेवणे बरोबर नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे हत्याकांड झाले, त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असे सरकारने लगेच स्पष्ट केले होते, पण भीती काही खुलासे वाचत बसत नाही. हे कुटुंब आठ दिवस कागदांच्या पाठीमागे होते आणि मुलगा शाळेत आला नाही. त्याच्या आधीच्या दिवशी वर्गातल्या तिघा मुलांनी त्याला "तुझ्या देशात परत जा" असे म्हटले होते. मुलांनो, तुमच्या मनात संताप होता हे आम्हांला कळते. आमच्याही मनात होता. पण ज्याला ते म्हणालात, तो तो देश सोडून आलेला मुलगा होता. परत जायला त्याच्यापाशी घरच उरलेले नाही.

त्या वेळी कोणीतरी सुचवले की त्याला प्रार्थनेच्या वेळी मंचावर आणावे आणि देशभक्तीवर दोन शब्द बोलायला लावावेत, म्हणजे मुलांची मने साफ होतील. हेतू चांगला असेल. पण मोठ्या बाईंनी साफ नकार दिला, आणि आमच्या मते त्यांनी त्या वर्षात घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय होता. चौदा वर्षांच्या मुलाने आपला चांगुलपणा माइकवर सिद्ध का करावा? इतर कोणाला आपण तसे करायला लावतो का? वर्गशिक्षकांनी त्या तिघांना वेगवेगळे बोलावून घेतले, त्यांच्या पालकांशी बोलले आणि वर्गात त्याबद्दल एक अक्षर काढले नाही. मॉनिटरने आठ दिवसांच्या नोट्स उतरवून ठेवल्या होत्या. मुलगा परत आला, त्याच बाकावर बसला. त्या तिघांपैकी एक आज त्याच्याबरोबर कबड्डीच्या संघात आहे. बाकीचे दोघे त्याच्याशी अजून फारसे बोलत नाहीत. असो.

आता विश्वस्त मंडळींचे आक्षेप. ते आमच्या कानावर आहेत, आणि ते अगदीच टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

पहिला आक्षेप निकालाचा. दहावीचा निकाल फाटकाजवळच्या फलकावर लागतो, पुढच्या वर्षीचे प्रवेश त्यावर ठरतात, आणि नववीत असे मूल घेतले तर टक्का घसरेल. घसरेलही. एका वर्षी एका मुलाने घसरेल. पण त्या फलकाच्या काळजीने आपण आपल्या मराठी मुलांनाही नववीत थांबवतो किंवा दुसऱ्या शाळेचा रस्ता दाखवतो हे पालकांना ठाऊक आहे, तेव्हा या आक्षेपाचे मूळ वेगळे आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायचे आहे.

दुसरा आक्षेप पोलीस-चौकशीचा. परदेशी विद्यार्थी घेतला की त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. कळवावी. ते कार्यालयाचे काम आहे, जसे इतर दहा विवरणपत्रे भरण्याचे काम आहे. मुलासाठी ते आठवीत प्रवेश देताना केलेच, त्यात कोणाला त्रास झाल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप मनाला अधिक लागणारा आहे: ही शाळा मराठी समाजाने मराठी मुलांसाठी काढली. खरे आहे. पण आजचे हजेरीपट उघडून पाहावेत. माळवी, गुजराती, सिंधी, बोहरा, सगळ्या घरांतली मुले आहेत, माध्यम हिंदी आहे आणि मराठी एक विषय म्हणून आपण टिकवून धरली आहे. या मुलानेही तिसरी भाषा म्हणून मराठी वाचायला घेतली आहे, कारण लिपी एकदा आली की ती फुकट मिळाली असे त्याचे म्हणणे!

"आपणही बाहेरूनच आलो" असा युक्तिवाद काही पालक आमच्या बाजूने करतात. तो आम्हांला पटत नाही. आपले पूर्वज होळकरांच्या राज्यात शिलेदार, कारकून, पुराणिक म्हणून आले. त्यांच्यामागे राज्य होते. निर्वासिताच्या मागे कोणी नसते. तेव्हा ती तुलना नको. तुलना करायचीच तर कराचीची करावी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तिथली पहिली सरकारी शाळा १८५५ साली कराचीत निघाली आणि आजही ती नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. हे वैद्य मराठी. सिंधमध्ये ते शिक्षण खात्यात उपनिरीक्षक होते आणि सिंधी भाषेतून शिक्षण उभे करण्यात त्यांचा हात होता. फाळणीत कराचीची मराठी वस्ती उठली, सिंधी हिंदू लाखोंनी इकडे आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. कराचीच्या कॉलेजातून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज काढले. घरदार गेलेली माणसे पहिल्या वर्षभरात कॉलेज काढतात, यावरून त्यांना काय गमावण्याची सर्वांत जास्त भीती वाटत होती हे कळते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या मुलांसाठी छावणीतच पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, माध्यमिकसुद्धा. ते योग्यच होते, कारण ती माणसे युद्ध संपण्याची वाट पाहत होती. आपल्या रांगेतले कुटुंब कशाची वाट पाहत नाही. त्यांना इथेच राहायचे आहे, म्हणून त्यांच्या मुलांना वेगळी शाळा नको, जवळची शाळा हवी. आणि हा विषय फक्त सिंधी किंवा फक्त हिंदू कुटुंबांचा ठेवू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणात कोणत्याही मुलाशी भेदभाव होणार नाही असे म्हटले. उद्या कोणी अफगाणिस्तानातून आलेले मूल रांगेत उभे राहिले तर टेबल तेच असेल.

विश्वस्तांकडे आमचे मागणे मोठे नाही. नववीसाठी तात्पुरता प्रवेश द्यावा, मुलाला वर्गात बसू द्यावे आणि कागदांचा पत्रव्यवहार बोर्डाशी शाळेने करावा, पालकाने नव्हे. ज्या माणसाला अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे माहीत नाही, त्याला "कागद पूर्ण करून या" म्हणणे म्हणजे नाही म्हणणेच असते. निवृत्त बाईंचा तास आज त्यांच्या मर्जीवर चालला आहे. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. तो तास वेळापत्रकात घालावा आणि त्यासाठी एका शिक्षकाला मानधन द्यावे. पहिल्या वर्षाची फी माफ करता येत नसेल तर हप्ते बांधावेत. गणवेश आणि पुस्तकांचे माजी विद्यार्थी संघाने पाहावे, त्यांच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दर वर्षी काही शिल्लक राहते हे आम्हांला माहीत आहे. मुक्त विद्यालयाची परीक्षा हा एक मार्ग आहेच, आणि बोर्डाने नाहीच म्हटले तर तो घ्यावा. पण सुरुवातच तिथून करू नये. घरी बसून अभ्यास तर ती मुलगी आताही करते आहे. तिला वर्ग हवा आहे.

येत्या जूनमध्ये ती सतरा वर्षांची असेल. नववीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींबरोबर बसायला ती तयार आहे का, हे आम्ही भावाकडून विचारवले. तिने उत्तर पाठवले की बाक शेवटचा मिळाला तरी चालेल, पण विज्ञानाचे प्रयोग करायला मिळतील ना? वयाच्या अटीबद्दल बोर्डाला पाठवायच्या पत्राचा मसुदा आम्ही तयार केला आहे. तिचा आठवीचा कागद जयरामपूरच्या एका आजोबांकडून हिंदीत उतरवून घेतला आहे आणि तो सोबत जोडला आहे. दोन्ही कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर आहेत. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यावर सही व्हायची आहे.

– संपादक मंडळ